रायर आणि पंधरा पौनांचा पट्टा

रायर हिशोब करत ते उन्हात उभे राहून. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते असंच. कुंभकोणमच्या मेलकावेरीतल्या त्यांच्या घरासमोर, भर रस्त्यात, डोक्यावर पंचा, आणि तळहातावर काहीतरी धरून ते सूर्याला दाखवत होते. मला वाटलं, अर्घ्य देताहेत. सामानाची रिक्षा थांबवून, चप्पल काढावी की काय अशा विचारात मी उभी राहिले. माझ्याकडे न बघताच ते म्हणाले, "सोनें अजून पुढें आहे, बाई. दुपटीनें." मग मान वर करून, "तुम्हींच ना सांगलीच्या? या, आंत या. बैसा."

बसा म्हणाले आणि स्वतः निघून गेले. सरळ रस्त्याने, तरातरा, कुठे ते देव जाणे. ओट्यावर मी आणि माझी वळकटी. त्यांच्या बायकोने, अंबूअक्कांनी, बाहेर येऊन मला कॉफी दिली आणि शांतपणे सांगितलं, "साक्कोट्टैस गेले असतील. येतील."

ऐंशीचं दशक संपायला आलं होतं. बँकेने मला बढती दिली आणि कुंभकोणमला फेकलं. हो, फेकलंच म्हणते मी. बत्तिशीतली बिनलग्नाची बाई, तमिळचं अक्षर येत नाही, अंगाची लाही होतेय, आणि रोज सकाळी उठून सांगलीला परत जायचे दिवस मोजतेय, असा तो काळ. घर मिळालं ते तंजावरी मराठी माणसांच्या घरातलं अर्धं. शाखेतल्या शिपायाने मोठ्या उत्साहाने सांगितलं होतं, "मॅडम, तुमची भाषा बोलतात!" बोलतात खरं. पण ती ऐकून पहिला महिनाभर मला बखरीतल्या माणसांशी बोलतेय असं वाटायचं. "कैसें आहां?" "जेवण जाहलें काय?" आणि मधेच एखादं "अय्यो" नाहीतर "सरी", म्हणजे आपलं 'बरं'. घराबाहेर पाय टाकला की दोघंही तमिळ. आमच्या सांगलीच्या मराठीला अंबूअक्का हसायच्या. म्हणायच्या, "तुम्हीं लोक बोलतां की धांवतां?"

शेषगिरिराव हे त्यांचं नाव. गावात सगळे रायर म्हणत. नगरपालिकेच्या शाळेत तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेले. उंच, काटकुळे, आणि जन्मात एका जागी न बसलेले. जेवतानासुद्धा दोनदा उठायचे. सिंगापूरला गेलेल्या एका विद्यार्थ्याने त्यांना उन्हावर चालणारा कॅल्क्युलेटर आणून दिला होता. तो घरात अंधारात चालेना, म्हणून रायर रस्त्यावर. त्याआधी म्हणे लॉगॅरिथमचं पुस्तक काखेत घेऊन फिरत. आता माझा भाचा संगणकावर एक पान उघडून दाखवतो. अमुक साली अमुक रुपये शेअरमध्ये घातले असते, सोन्यात घातले असते, बँकेत ठेवले असते तर आज काय झालं असतं. तीन रकाने भरा, बटण दाबा, रंगीत रेघा वर चढतात. भाचा म्हणतो, "मावशी, केवढी सोय!" मला ते पान बघवत नाही. मी रायरांना त्या एका उत्तरासाठी तिरुवलंचुळीपर्यंत चालत जाताना आणि पांढऱ्या गणपतीला प्रदक्षिणा घालता घालता आकडे पुटपुटताना पाहिलंय.

त्यांचा हिशोब एकच होता. वर्षानुवर्षं तोच. पंधरा पौनांचा, म्हणजे आपल्या दहा तोळ्यांचा, सोन्याचा कंबरपट्टा आणि शंभर शेअर.

पट्टा अंबूअक्कांचा. त्यांच्या आईने लग्नात घातलेला. लग्नानंतर काही वर्षांनी अक्का बहिणीच्या बाळंतपणाला तंजावरला गेल्या, तीन महिने राहिल्या. इकडे रायरांच्या शाळेतले एक मास्तर मद्रासहून शेअरची विद्या घेऊन आले. रायरांनी रात्रंदिवस चक्रवाढ मांडली आणि पेटीतला पट्टा काढून विकला. मद्रासच्या एका पंप बनवणाऱ्या कंपनीचे शंभर शेअर घेतले. घेतले मात्र बायकोच्या नावावर. "सोनें तिचें, तर कागदही तिचा," हे मला त्यांनी निदान वीस वेळा सांगितलं असेल. कंपनी वर्षाला जो लाभांश द्यायची तो परस्पर बायकोच्या बँकखात्यात जाईल अशीही व्यवस्था करून टाकली, आणि त्या पासबुकाला आयुष्यात हात लावणार नाही अशी शपथ घेतली. म्हणजे बघा, चोरीही केली आणि सोवळंही पाळलं!

अक्का परत आल्या. भावाच्या लग्नाला जायचं म्हणून पेटी उघडली. रायरांनी त्यांना स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून चक्रवाढ व्याज समजावून दिलं. अक्कांनी सगळं ऐकलं आणि एवढंच विचारलं, "माझा पट्टा असता तर आज कितीचा जाहला असता?"

त्या प्रश्नाने तो माणूस जो उठला तो उठलाच. त्या दिवसापासून दरवर्षी, पट्टा विकल्याच्या तिथीला, ते दारात उभे राहून बायकोला जबाब द्यायचे. पट्टा इतका, शेअर इतके. पहिली काही वर्षं शेअर पुढे होते. मग एका वर्षी शेअरचा भाव एकदम निम्मा झाला. रायर आठ दिवस अंथरुणाला खिळले. पुढे भाव सावरला, तर काही वर्षांनी पुन्हा तसंच. त्या कंपनीचा भाव आमच्याकडे येणाऱ्या पेपरात रोज छापून येत नसे, महिन्यातून एखाद्या दिवशी दिसला तर दिसला. गावात शेअर कळणारा दुसरा माणूस नाही. ते मद्रासवाले मास्तर केव्हाच वारले होते. आणि झाली गोष्ट कुणाला विचारायची तर आधी पट्ट्याची गोष्ट सांगावी लागणार! ते रायरांच्याने कसं व्हावं? मला सांगितलं ते मी परकी, आज ना उद्या जाणारी म्हणून. तेव्हा ते एकटेच मोजत राहिले. कधी दहा टक्क्यांनी, कधी बारा टक्क्यांनी, अजून पाच वर्षं थांबलं तर, अजून दहा वर्षं थांबलं तर. "बाई, माझें आयुष्य पुरलें पाहिजे," असं म्हणायचे आणि चप्पल घालायचे.

मला त्यांचा राग यायचा, खोटं कशाला बोलू. बँकेतून दमून यावं तर ओट्यावर हे येरझाऱ्या घालताहेत. "हा कणक्कु पाहा." हिशोबाला ते तमिळ शब्दच वापरत. "अडीच रुपये दर शेअरी लाभांश, शंभर शेअर, अडीचशें. ते पुन्हा सालीना नवांनीं वाढले तर?" मला ते आकडे पाढ्यासारखे पाठ झाले होते. एकदा मी चिडून म्हटलं, "रायर, माझं सगळं मुदत ठेवीत आहे, आणि मला झोप लागते." त्यावर अगदी कळवळून म्हणाले, "तुम्हांस लागते, बाई. तुमचें तुम्हीं ठेविलें, दुसऱ्याचें न विचारितां घेतलें नाही, म्हणोन लागते."

दुसऱ्या वर्षी बँकेत माझ्याकडे एक कंटाळवाणं काम आलं. ज्या खात्यांतून कित्येक वर्षं कुणी पैसा काढलेला नाही त्यांची यादी करायची. जाडजूड खातेवह्या, वर पंखा नुसता कुरकुरतोय, आणि मी पानं उलटतेय. एका पानावर अंबूअक्कांचं नाव दिसलं. वर्षाला एक जमा, काढलेलं काहीच नाही. मी पान उलटणार, एवढ्यात हात थांबला. त्या वर्षीचा लाभांश अडीचशे हवा होता, पाठच होतं ना मला! जमा होते एक हजार. मागचं वर्ष पाहिलं, तिथेही चौपट. आणखी मागे गेले तर काही वर्षं दुप्पट, आणि अगदी सुरुवातीची काही वर्षं बरोबर रायरांच्या हिशोबाइतकी. शंभर शेअर कुठले? कंपनीने दोन वेळा एकास एक बोनस शेअर, म्हणजे हातातल्या दर शेअरमागे एक फुकट, दिले होते. शंभराचे दोनशे, दोनशेचे चारशे झाले होते, आणि म्हणूनच दोन्ही वेळा भाव निम्मा झाला होता. ज्या दिवशी दैव दार ठोठावत होतं त्या दिवशी हा माणूस पांघरूण घेऊन पडला होता!

खातं अक्कांचं, म्हणून मी आधी अक्कांना विचारलं. त्या चुलीपाशी डांगरासाठी उडीद भाजत होत्या. "अक्का, तुमच्या नावाचा टपालाने कधी मोठा कागद आला होता? नक्षीची किनार असलेला?"

"आले ना. दोन," त्या म्हणाल्या. "पोस्टमन येतो दुपारीं, हे असतात कोठें घरीं? मीच सही करून घेतले. पहिला कागद यांनी दिला तेव्हां म्हणाले होते, जपोन ठेव. तैसेच दिसले, तैसेच ठेविले."

देवघराच्या खालच्या पितळी डब्यात ते होते. इंग्रजी अक्कांना येत नव्हतं. बायकोच्या नावाचं टपाल उघडायचं नाही हा रायरांचा नेम, आणि नवऱ्याने विचारल्याशिवाय त्या पट्ट्याच्या विषयात तोंड उघडायचं नाही हा अक्कांचा. दोघांनी आपापला नेम इतका कडक पाळला की वीस वर्षांत एक वाक्य त्यांच्यामधून इकडचं तिकडे गेलं नाही. मी अक्कांना चारशे शेअरचा अर्थ समजावून सांगितला. पट्टा कधीच मागे पडलाय, शेअर दुपटीने पुढे आहेत, तुमचे यजमान उगाच झिजताहेत, असं सगळं एका दमात बोलले. मला वाटलं बाई धावत ओट्यावर जातील.

अक्कांनी कढई उतरवली. "त्यांस आतां नको सांगूंस, पोरी," म्हणाल्या. "तिथि चार दिवसांवर आहे. तोंवर चालूं दे त्यांस."

चार दिवस मी कशी गप्प राहिले ते माझं मला माहीत. रायर दिवसातून दोनदा मला गाठून सांगत होते की यंदाही काही जमत नाही, सोनं फारच चढलंय. मी हूं हूं करत होते. एकदा तर मला हसू आवरेना आणि मी पदर तोंडाला लावून आत पळाले.

तिथीच्या दिवशी मी मुद्दाम उशिरा निघाले. रायर स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले, हातात कागदाचा कपटा. खाली मान घालून म्हणाले, "यंदाही पट्टाच पुढें. शेअर जेमतेम निम्मे." अक्कांनी तिन्ही कागद त्यांच्यासमोर पाटावर ठेवले. रायरांनी ते उचलले, वाचले, पुन्हा वाचले. मग माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यासरशी ते जे बाहेर धावले ते रस्त्यावर, उन्हात. दोन मिनिटांत परत. कपाळावर घाम, डोळ्यांत पाणी, आणि आवाज तर सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा. "दुप्पट! अगे, दुप्पट! पट्ट्याच्या दुप्पट, आणि लाभांश निराळा! मी म्हणालों होतों ना? वीस वर्षांपूर्वींच म्हणालों होतों ना?"

अक्का अगदी हळू आवाजात बोलल्या. "मज दुप्पट नको होतें. मज पट्टा हवा होता. त्रिसांची होत्यें मी तेव्हां. भावाच्या लग्नांत लेवून मिरवायचा होता. आणि विकायचाच होता, तर मज एकदां विचारायचें होतें तुम्हीं. मी दिला असता. स्वतःच्या हातानें काढोन दिला असता."

रायरांचा चेहरा मला अजून दिसतो. एवढा मोठा माणूस, पण शाळेत पाटी फुटलेल्या मुलासारखा दिसत होता. म्हणाले, "चुकलें माझें. आतां काय करूं, तें सांग. विकूं? नवा पट्टा करूं?"

"कांहीं नको. ते असूं द्या डब्यांत. पण आजपासोन मोजायचें नाही. पट्टाही नाही, कागदही नाही. वीस वर्षें या घरांत तिसरें माणूस राहिल्यासारखा तो हिशोब राहिला आहे. आतां पुरे."

"सरी," रायर म्हणाले. "शब्द दिला."

मी मनात म्हटलं, आठवडाभर टिकला तरी खूप. आणि नेमकं त्यानंतर थोड्याच काळात सगळ्या देशाला शेअरचं वेड लागलं. नव्वदीच्या सुरुवातीचे ते दिवस ज्यांनी पाहिलेत त्यांना सांगायला नको. आमच्या बँकेतला रोखपाल काउंटरवर शेअरचे अर्ज भरायचा. विड्याच्या पानांचे व्यापारी, रेशमाचे दलाल, देवळातले गुरुजीसुद्धा भाव विचारत फिरायचे. रायरांच्या पंप कंपनीचा भाव आता रोज छापून यायला लागला आणि रोज चढायला लागला. रायर पेपर हातात आला की ते पान बाजूला काढून, घडी घालून अक्कांकडे द्यायचे, डबे पुसायला. चालणं मात्र दुप्पट वाढलं. सकाळी साक्कोट्टै, संध्याकाळी नदीकाठ. पाय घराबाहेर न्यायचे आणि बोटं हवेत काहीतरी दाबत राहायची. मी ते बघायचे आणि माझाच जीव वरखाली व्हायचा.

एक दिवस मला राहवेना. ते बँकेत आले होते, काउंटरवर बोटं वाजवत पावसापाण्याचं विचारत होते. मी म्हटलं, "रायर, तुम्हाला कळतंय का काय चाललंय? अहो, तुमचा भाव..." त्यांनी दोन्ही कानांत बोटं घातली. भर बँकेत! लोक बघायला लागले. मी ओरडले, "विका! निदान अर्धे तरी विका! हे असं कायम राहणार नाही!"

त्यांनी बोटं काढली. "बाई, सोनें तिला न विचारितां विकलें. आतां हेंही न विचारितां विकूं?"

"मग विचारा ना!"

"विचारायास आधीं मोजावें लागतें," ते म्हणाले, आणि निघून गेले.

मी त्यांना त्यानंतरही सोडलं नाही. ओट्यावर, रस्त्यात, दिसतील तिथे गाठून चढतोय, चढतोय म्हणून त्यांच्या मागे लागले. एवढा पैसा हातचा जातोय आणि हा माणूस कानात बोटं घालून उभा, याने माझंच डोकं उठलं होतं. अक्कांना जाऊन सांगावं असं शंभरदा मनात आलं. एकदा त्यांच्या चुलीपर्यंत गेलेही. पण दारातच रायर उभे होते. त्यांनी माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिलं, की मी ताक मागून परत आले. मग व्हायचं ते झालं. बाजार कोसळला. आमच्या रोखपालाने घर गहाण टाकलं होतं, तो महिनाभर कुणाशी बोलला नाही. पंप कंपनीचा भाव आपटला तो पार खाली आपटला. त्या दिवशीचा पेपर मी ओट्यावरच ठेवला. रायरांनी ते पान काढलं, घडी घातली आणि आत नेऊन दिलं.

पुढच्या पावसाळ्यात त्यांना ताप आला. पाच दिवसांचा ताप, विशेष काही नाही असं डॉक्टर म्हणत होते. तापात ते सारखे उठून बसत, चप्पल कुठे आहे म्हणून विचारत. सहाव्या दिवशी गेले. मी बँकेत होते. शिपाई सांगायला आला तेव्हा माझ्या पुढ्यात बँकेच्या दिल्लीतल्या मुख्य कचेरीतून आलेलं पाकीट होतं. माझी सांगलीला बदली झाल्याचं त्यात लिहिलं होतं. चार वर्षं ज्या कागदाची वाट पाहिली, तो मी त्या दिवशी वाचलासुद्धा नाही.

तेरावा झाला. मी सामान बांधत होते. अक्का माझ्या खोलीत आल्या, हातात ते तीन कागद. "वाचोन सांग," म्हणाल्या. "आज यांचे किती होतात?"

मी सांगितलं.

"आणि मधें? सगळें गांव वेडें जाहलें होतें, तेव्हां?"

मला खोटं बोलावंसं वाटलं. पण त्या माझ्याकडे सरळ बघत होत्या. "आजच्या सहापट," मी म्हटलं. "अक्का, तेव्हा विकले असते तर असे पाच-सहा पट्टे आले असते." आणि वर, का कोण जाणे, भांडल्यासारखी बोलत सुटले. "मी सांगितलं होतं त्यांना. रोज सांगत होते. चढलाय म्हणून ओरडले त्यांच्यावर. त्यांना ठाऊक होतं, अक्का. आकडा नसेल, पण चढलाय हे पुरतं ठाऊक होतं. कानांत बोटं घालून उभे राहायचे."

"मज तर एका शब्दानें बोलले नाहीत."

"तुम्हाला शब्द दिला होता म्हणाले."

अक्का वळकटीवर बसल्या. रायर गेल्यापासून त्यांच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं, शेजारणी त्यावरून कुजबुजतही होत्या. आता त्या रडायला लागल्या, आधी आवाज न करता आणि मग हुंदके देऊन. मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. मला वाटलं, हातच्या गेलेल्या पैशासाठी रडताहेत. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत म्हटलं, "जाऊ द्या अक्का, पैशाचं काय..."

त्यांनी माझा हात घट्ट धरला आणि नकारार्थी मान हलवली.

"ऐकलें गे त्यांनीं माझें," त्या म्हणाल्या. "इतकें महाग पडलें, तरी ऐकलें."